नळीमागची अक्षरं

रशीदभाई चहाच्या आधी मूत पाहायचा. "पहिले मूत, मंग चाय," हे त्याचं रोजचं बोलणं. लघवी हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. दवाखान्याच्या डाक्टरीणबाई म्हणायच्या, रशीदभाई, जरा नीट शब्द वापरा, बाहेर लोक बसलेले असतात. तो म्हणायचा, "मॅडम, लघवी म्हटलं का लोकं लाजतात, अन लाजले का खोटं बोलतात. मूत म्हटलं का खरं सांगतात."

अकोल्याला जठारपेठेत लहान लेकरांचा एक दवाखाना आहे. त्याच्या जिन्याखाली रशीदभाईची मूत तपासायची खोली होती. खोली म्हणजे काय, मी रेल्वेत गँगमन होतो, आमची हत्यारं ठेवायची टपरी तिच्यापेक्षा मोठी होती. आत एक टेबल, एक स्पिरिटचा दिवा, एक खिडकी आणि भिंतीवर खिळे ठोकलेली लाकडी फळी. त्या खिळ्यांवर धुतलेल्या काचेच्या नळ्या उलट्या टांगलेल्या. नळ्या तो कोणाला धुवू द्यायचा नाही. त्याच्याजवळ दोन चष्मे होते, एक डोळ्यावर, एक कपाळावर. कपाळावरचा हरवला म्हणून तो दिवसातून दोनदा तरी खोली उलथीपालथी करायचा.

तो गेला, असं मागच्या महिन्यात साळ्यानं फोनवर सांगितलं. साळा तिथंच जठारपेठेत राहतो. मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि गॅसवर दूध होतं ते उतरवलं. माझं असंच झालं आहे. बायको गेली तेव्हाही रडू आलं नाही. लोकांना वाटलं बुढा दगड आहे. असेल. पण या माणसाबद्दल लिहून ठेवावं असं वाटलं. आमच्या तनूची किडनी दोघांनी राखली, एक माझी बायको आणि दुसरा हा. दोघंही आता नाहीत. मी सातवी शिकलो आहे. जसं येते तसं लिहितो.

तनू माझ्या मुलीची मुलगी. मुलगी आणि जावई पुण्याला कंपनीत, दोघांच्याही पाळ्या. म्हणून पोरगी चार वर्षांची झाल्यापासून आमच्याजवळ, बडनेऱ्याला. आली आणि दोन महिन्यांत तिचे गाल भरले. शेजारच्या बाया म्हणाल्या, "आजोळ मानवलं बाप्पा पोट्टीले." सुमन, म्हणजे माझी बायको, हरखून गेली. अजून तूप वाढू लागली. सकाळी पोरीचे डोळे उघडत नसत, इतकं तोंड भरलेलं. आम्हाला तेही गोडच वाटायचं. मग एकदा तिचे मोजे काढले तर घोट्याजवळची खूण संध्याकाळपर्यंत गेली नाही. एका डाक्टरनं वावडं आहे म्हणून पंधरा दिवस औषध दिलं. पोट नगाऱ्यासारखं झालं तेव्हा साळा म्हणाला, अकोल्याला आणा.

तिथं पहिल्यांदा रशीदभाई पाहिला.

"काय झालं मॅडमले?" त्यानं तनूला विचारलं. त्याच्याजवळ येणारं प्रत्येक लेकरू साहेब नाहीतर मॅडम असायचं. मोठ्या माणसांना मात्र नाव नव्हतं. बंटीची आई, तनूचे आजोबा, एवढंच. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं असं मला वाटते.

मी म्हणालो, "आजारी नाही हो पोट्टी. आंगानं भरली आहे."

त्यानं तनूचा पाय मांडीवर घेतला. नडगीवर अंगठा दाबला, तोंडातल्या तोंडात पाच आकडे मोजले, आणि अंगठा उचलला. तिथं खड्डा पडला होता. तो भरेचना.

"काय काम करता तुमी?"

"रेल्वेत गँगमन होतो."

"मंग खड्डा तुमाले मी काय समजावू? रुळाखाली पाणी साचलं का काय होते?"

"रूळ बसते."

"हे तेच आहे. हे मांस नाही. पाणी आहे."

मग त्यानं तिचं मूत नळीत घेतलं, नळीचा वरचा भाग दिव्यावर धरला. उकळी आली तसं ते पांढरं झालं, अंड्याचा बलक सोडून बाकीचं शिजते ना, तसं. त्यात आंबट औषधाचे दोन-तीन थेंब टाकले. तरी पांढरंच. मग त्यानं नळीमागं पेपर धरला आणि मला म्हणाला, "वाचा." एक अक्षर दिसत नव्हतं.

डाक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. किडनीच्या आजाराचं नाव सांगितलं, नेफ्रोटिक. मला अर्धं समजलं. खाली आल्यावर रशीदभाईनं उरलेलं सांगितलं. "किडनी म्हणजे चाळणी. मॅडमची चाळणी फाटली नाही, सैल झाली. आंगातलं चांगलं चांगलं मुतावाटे वाहून जाऊन राह्यलं. गोळ्यांनं चाळणी आवळते. पर परत कधी सैल होईन, हे डाक्टर सांगू शकत नाही, मौलवी सांगू शकत नाही, तुमचा महाराज सांगू शकत नाही. मूत सांगते. तोंड सुजायच्या आधी सांगते. फक्त रोज सकाळी विचारा लागते."

रोज सकाळी विचारायचं काम सुमननं घेतलं.

ती शाळेत गेली नव्हती. रशीदभाई तिला म्हणाला, "भाभी, उकळल्यावर नळीमागं कागद धरायचा. अक्षर साफ दिसलं तर साफ. धुकट दिसलं तर एक. नुसती काळी रेघ दिसली तर दोन. काहीच नाही दिसलं तर तीन. तीन दिवस सारखं दोन नाहीतर तीन आलं का गाडीत बसायचं."

"मले वाचता कुठं येते भाऊ?"

"वाचायचं कोण म्हणते? पाहायचं. देवाले पाहता ना? देव वाचता येते का?"

सुमन हसली. त्यानं भिंतीवरच्या जुन्या, दिवसाला एक पान असलेल्या कॅलेंडरचं पान फाडून तिला दिलं, आणि एक नळी दिली, आणि दहा वेळा तिच्या हातून उकळून घेतलं. एकदा नळी तिच्या हातून फुटली. तो म्हणाला, "फुटू द्या. इथं फुटली तर घरी फुटणार नाही."

आमच्या घरी आंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाय ठेवू न देणारी बाई. ती रोज सकाळी कपडे वाळत घालायच्या चिमट्यात नळी धरून गॅसच्या बारीक आचेवर नातीचं मूत उकळायची. मी एकदा म्हणालो, अगं, त्याच गॅसवर तू नैवेद्य शिजवते. ती म्हणाली, "मंग? पोट्टीपेक्षा देव नाजूक आहे का?" ती पाहायची आणि सांगायची, मी वहीत लिहायचो. साफ. साफ. एक. साफ. नळी तिच्या हातात, वही तिच्या कोपराजवळ. नळीतून थेंब पडायचे, हळदीचं बोट लागायचं, पानं फुगून पापडासारखी व्हायची.

महिन्यातून एकदा वही घेऊन आम्ही अकोल्याला. रशीदभाई आधी वही पाहायचा, मग पोरीला. कधीच म्हणाला नाही की बरी झाली. "आज साफ आहे," एवढंच. सुमन एकदा चिडून म्हणाली, "तुमच्या तोंडून चांगला शब्द निघतच नाही काय भाऊ?" तो म्हणाला, "साफ यापेक्षा चांगला शब्द कोणता आहे भाभी? तुमी सांगा, उद्यापासून तो म्हणतो."

एकदा आम्ही त्याच्या खोलीबाहेर बसलो होतो. एका बाईचं पोरगं पंधरा दिवसांपासून भरती होतं. तिला घरी जायची घाई. शेतात कापूस वेचणीला आला होता आणि सासू फोनवर शिव्या देत होती. तिनं सकाळची नळी आणून दिली. रशीदभाईनं ती हातात घेतली. उकळलीही नाही. दोन बोटांत धरून नुसता उभा राहिला.

"बंटीची आई, हे कुठून आणलं?"

"बंटीचं आहे."

"बाई, मूत ऊन असते. हे थंडगार आहे." मग आवाज एकदम उतरवून म्हणाला, "नळाले किडनीचा आजार नाही. सुट्टी नळाले देऊ का बंटीले?"

बाहेर बसलेले सगळे हसले. बाईही हसली, मग रडली. तो तिच्यावर ओरडला नाही. तिचा फोन घेतला आणि सासूला म्हणाला, "माय, मी दवाखान्यातून बोलून राह्यलो. तुमचा कापूस आठ दिवस झाडावर राहीन तर कापूसच राहीन. नातू आठ दिवस आधी घरी आणसान तर परत इथंच आणसान." सासू काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्यानं फोन कानापासून लांब धरला होता, एवढं पाहिलं.

तनूच्या आजारानं तीनदा डोकं वर काढलं, तीनदा सुमननं सूज यायच्या आधी पकडलं. गोळ्या सुरू झाल्या, पोरीचं तोंड गोल झालं, गोळ्या उतरल्या, तोंड जागेवर आलं. तीन वर्षं वहीत एक दिवस रिकामा नव्हता. मध्ये एकदा आम्ही गुरुकुंज मोझरीला गेलो होतो. रस्त्यावर मोझरी लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवून सुमन म्हणाली, "यातला पहिला मले येते. नळीतला आहे तो." कॅलेंडरच्या त्या पानावर मंगळवार लिहिलेला होता. रोज नळीतून पाहून पाहून तिला म ओळखू यायला लागला होता. मंगळवारातली सगळीच अक्षरं यायला लागली होती. रशीदभाईला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग बुधवारचं पान देतो. फी लागीन."

पुढच्या वेळी तिनं त्याला तिळाचे लाडू नेले. बुधवारचं पान मात्र राहूनच गेलं.

सुमन सकाळी गेली. उठली, चहा ठेवला, छातीत कसंतरी होते म्हणाली, बसली, आडवी झाली. चहा उतू गेला. एवढंच.

आमच्यात मयत झालेल्या घरात विस्तव पेटवत नाहीत. जेवण नातलग आणि शेजारी आणतात. आमच्याकडे तेरवीपर्यंत गॅस लागला नाही, कारण म्हाताऱ्या मेहुणीनं तसंच सांगितलं आणि मी काही बोललो नाही. तनूच्या गोळ्या बंद होऊन चार महिने झाले होते. रोजची नळी तेवढी होती, आणि नळीला आच लागते. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. मग घरभर माणसं, कोणाला सर्दी, कोणाला खोकला, पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर. सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसायचे. मुलगी म्हणायची, रात्रभर आजीसाठी रडली. घरात सगळ्यांचेच डोळे सुजलेले होते. फक्त माझे नव्हते.

तेरवी झाली. मुलीची सुट्टी संपली, दोघं पुण्याला गेले. दोन दिवसांनी अकोल्याची तारीख होती. आदल्या दिवशी वही काढली. सुमन गेली त्या तारखेपासून पुढची पानं कोरी. तिच्या वहीत कधी रिकामी जागा नव्हती. मी पेन घेतला आणि लिहिलं. साफ. साफ. साफ. कोणाला फसवायचं नव्हतं. तिची वही अर्धवट दिसू नये, एवढंच मनात होतं. हे कारण आहे, सफाई नाही.

रशीदभाईनं वही उघडली. पानं उलटली. मग परत मागं गेला, परत पुढं आला. कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेतला.

"हे कोणी लिवलं?"

"मीच. नेहमी मीच लिहितो ना."

"हाव. पर नळी कोणाच्या हातात होती?"

मी काही बोललो नाही.

"तनूचे आजोबा, ह्या पानावर थेंब नाही. तीन वर्षांत भाभीचं एकबी पान कोरडं पाह्यलं नाही मी." मग त्यानं माझ्यामागं दाराकडे पाहिलं. "भाभी कुठी आहे?"

"गेली. परवा तेरवी झाली."

त्यानं वही टेबलावर ठेवली. अरेरे म्हणाला नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. खाली बसला, तनूचा पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला आणि पाच मोजले. खड्डा मी वरूनच पाहिला. मग दिवा लावला, नळी उकळली, थेंब टाकले, नळीमागं पेपर धरला. मला वाचा म्हणाला नाही. तीन होते. नळी तशीच हातात घेऊन तो जिना चढून डाक्टरीणबाईकडे गेला. पाच मिनिटांत पोरगी भरती. तिला ताप होता, तोही मला माहीत नव्हता. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते.

सलाईन लागल्यावर तो माझ्याजवळ येऊन बाकड्यावर बसला. तेव्हा म्हणाला, "कशी गेली भाभी?"

मी सांगितलं. वहीचंही सांगितलं, विस्तवाचंही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्यातबी मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. समजते मले. पर हे रांधणं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "भाभीच्या जागेवर दिवा लावला होता ना?"

"हाव. दहा दिवस."

"त्याच्यावर धरा लागत होती नळी. भाभी नाही म्हणाली असती का?"

 उत्तर मला येत होतं.

त्यानं वही आणि पेन पुढं केलं. "साफ खोडा. पाह्यलं नाही, असं लिवा. दर तारखेपुढं लिवा. साफ अन पाह्यलं नाही, याच्या मधात पोरीची किडनी आहे."

मी पंधरा तारखांपुढं पंधरा वेळा लिहिलं, पाहिलं नाही. तो शेजारी बसून राहिला. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही.

अठरा दिवस तनू तिथं होती. पहिले पाच दिवस डाक्टरीणबाई काही सांगायला तयार नव्हत्या. मुलगी पुण्याहून परत आली. तिनं वही पाहिली. पोरीच्या खाटेजवळच ती मला म्हणाली, "आई गेल्यावर तुम्ही एक काम करायचं होतं बाबा. एकच." खरं होतं. तनूला पुण्याला नेते म्हणाली. तिथं दोघं कामावर गेल्यावर पोरगी शेजारणीजवळ राहणार होती. नळी कोण उकळणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

रशीदभाई तिथं आला. तो कधी जिन्याच्या वर बसायला यायचा नाही.

"बेटी, एक बोलू? पोरगी आजोबाजवळच राहू दे."

"यांच्याजवळ? यांनी खोटं लिहिलं भाऊ."

"म्हणूनच सांगून राह्यलो. माह्या खोलीत येणारे अर्धे लोकं वहीत खोटं लिवतात. त्याइले वाटते मले समजत नाही. हे आजोबा पकडल्या गेले. पकडल्या गेलेला माणूस परत नाही लिवत. मले त्याइचं भेव वाटते जे अजून पकडल्या नाही गेले." मग माझ्याकडे वळून, "का आजोबा?"

मी मान हलवली. तनू माझ्याजवळ राहिली. तिथंच जिन्याखाली त्यानं मलाही दहा वेळा उकळायला लावलं. माझ्या हातून दोन नळ्या फुटल्या. सुमनच्या हातून एकच फुटली होती, हे त्यानं मला सांगितलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतात. मी एकही दिवस चुकवला नाही. वहीची पानं फुगली.

शेवटचा तो मला दिसला तो उन्हाळ्याच्या आधी. दवाखान्यात आता कागदी पट्ट्या आल्या आहेत. मुतात बुडवायची, रंग पाहायचा, झालं. जिन्याखाली एक नवीन मुलगी बसते. ती चांगली आहे. रशीदभाईला घरी बसायला सांगितलं होतं, पण तो सकाळी येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायचा आणि ती मुलगी त्याला बसू द्यायची. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चष्मा एकच राहिला होता, तोही कपाळावर.

त्यानं तनूला आवाजावरून ओळखलं. "मॅडम, उंच झाल्या." मग मला म्हणाला, "पट्टी नंतर. पहिले आपली नळी." मुलीनं जुना दिवा काढून दिला. नळी त्यानंच उकळली. आच कुठं लागते ते त्याला हाताला कळत होतं. थेंब मोजून टाकले. सवयीनं नळी खिडकीकडे धरली, मागं पेपर धरला आणि तसाच राहिला. मग हात खाली केला.

"मले आता सारंच गढूळ दिसते. तुमी सांगा."

मी नळी घेतली. मागं पेपर धरला. मोठी अक्षरं होती, वाचता येत होती, पण धुक्यातून. चार महिने साफ होतं. साफ म्हटलं असतं तर तनू तिकडे खुश झाली असती, ती कान देऊनच उभी होती. नवीन मुलीचं लक्ष नव्हतं. रशीदभाईला तर दिसतच नव्हतं.

"धुकट आहे," मी म्हणालो. "एक."

"लिवा."

त्यानं परत विचारलं नाही. मुलीला पट्टी लावून पाहा म्हणाला नाही. मी वही उघडून लिहिलं. नळीचा एक थेंब पानावर पडला, तो पुसला नाही.

"तीन दिवस पाहा," तो म्हणाला. "घाबरू नका मॅडम. एक म्हणजे काहीच नाही. एक दिसलं, हेच मोठं आहे."

मग त्यानं माझ्या हातातून नळी घेतली. नळाखाली धरली, बोट आत फिरवून तीन पाण्यांनी धुतली. भिंतीजवळ गेला. एक हात फळीवर ठेवून चाचपत चाचपत रिकामा खिळा शोधला, आणि नळी उलटी करून टांगली. ती हलायची थांबेपर्यंत तिच्यावर बोट धरून उभा राहिला.

मग म्हणाला, "चला. आता चाय घेऊ."